नासिक जिल्ह्यातील स्थलांतर व बोली

नासिक जिल्ह्यातील स्थलांतर व बोली : बाहेरून येऊन नासिक जिल्ह्यात स्थायिक झालेल्या लोकसमूहांचा तेथील बोलींवर व स्थानिक अस्मितेवर झालेला परिणाम. महाराष्ट्राच्या वायव्य भागातील हा जिल्हा दख्खनचे पठार, कोकण, गुजरात आणि खानदेश यांच्या संधिप्रदेशात वसला आहे. थळ घाटाने तो कोकणाशी, बागलाणातील जुन्या व्यापारी मार्गाने सुरतेशी आणि गिरणा-तापी खोऱ्यांतून बुऱ्हाणपूर व उत्तर हिंदुस्थानाशी जोडलेला होता. या वाटांनी व्यापारी, सैनिक, भिक्षू, पशुपालक, विणकर व दुष्काळग्रस्त येत राहिले. त्यामुळे एकाच जिल्ह्यात भाषेचे अनेक प्रकार आढळतात. नासिक, निफाड, सिन्नर व येवला या तालुक्यांत प्रमाण मराठीला जवळची देशावरील मराठी, बागलाण, देवळा, कळवण, मालेगाव व नांदगावचा काही भाग यांत अहिराणी, पेठ व सुरगाणा या डोंगराळ तालुक्यांत कोकणा व तिच्याशी निगडित बोली आणि मालेगाव शहरात उर्दू बोलली जाते.

गोदावरी व गिरणा या नद्यांच्या खोऱ्यांना विभागणारी सातमाळा-चांदवड डोंगररांग ही देशी मराठी व अहिराणी यांच्यामधील स्थूल सीमारेषा मानता येते. ही सीमा जिल्ह्याच्या सीमेहून जुनी आहे. नासिक जिल्हा १८६९ मध्ये अस्तित्वात आला. त्यापूर्वी त्याचा प्रदेश मुख्यतः खानदेश व तत्कालीन अहमदनगर या जिल्ह्यांत विभागलेला होता. बागलाण व मालेगाव हे भाग शासनदृष्ट्या नासिकला जोडले गेले, तरी बोलीच्या दृष्टीने ते खानदेशाचेच राहिले.

या जिल्ह्याच्या भाषिक इतिहासातून एक गोष्ट प्रकर्षाने दिसते. स्थलांतरित समूहाचे नाव आणि मूळ स्थानाची आठवण दीर्घकाळ टिकते. त्याची भाषा मात्र नव्या शेजाराने घडविली जाते. म्हणून बोलीच्या नावावरून तिचे कूळ ठरविणे किंवा बोलणाऱ्याच्या पूर्वजांवरून त्याचे स्थानिकत्व मापणे, ही दोन्ही अनुमाने फसवी ठरतात.

सैद्धांतिक भूमिका : दोन भाषासमूह एकत्र राहू लागले, की भाषासंपर्काचे परिणाम सामान्यतः तीन स्तरांवर दिसतात. प्रथम शब्दांची, विशेषतः व्यवसाय, अन्न व नातेसंबंध यांविषयीच्या शब्दांची देवघेव होते. संपर्क दृढ झाल्यास उच्चार बदलतात. बहुसंख्य लोक पिढ्यान्‌पिढ्या द्वैभाषिक राहिल्यास विभक्तिप्रत्यय व क्रियापदांची रूपे यांवरही परिणाम होतो. भिन्न बोली बोलणारे लोक एका नव्या ठिकाणी एकत्र आल्यास त्यांच्या बोलींतील भेद झिजून एक समाईक बोली तयार होते. फिजीमध्ये गिरमिटिया मजुरांच्या विविध बोलींतून तयार झालेली फिजी हिंदी हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. याउलट तंजावरकडील मराठी कुटुंबांनी सतराव्या शतकापासून तमिळ परिसरात राहूनही घरात मराठी टिकविली. तिच्यात तमिळचे मिश्रण मात्र पुष्कळ झाले.

बोली ही समूहाशी असलेल्या निष्ठेची खूणही असते. अमेरिकन भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव यांनी मॅसॅचूसेट्‌स राज्यातील मार्थाज व्हिन्यर्ड या बेटावर केलेल्या पाहणीत (१९६३ मध्ये प्रसिद्ध) असे आढळले, की पर्यटकांच्या वाढत्या वर्चस्वामुळे अस्वस्थ झालेल्या व बेटावरच राहू इच्छिणाऱ्या रहिवाशांच्या बोलण्यात काही स्वरांचा विशिष्ट स्थानिक उच्चार अधिक ठळक होता. पोर्तुगीज स्थलांतरितांच्या वंशजांपैकी तरुण पिढीनेही तो उचलला होता. पूर्वज बाहेरून आले असले, तरी स्थानिक असल्याचा दावा बोलीतूनच केला जातो, हे यावरून दिसून येते.

प्राचीन पुरावा : नासिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातील बौद्ध लेण्यांत (पांडवलेणी) स्थलांतरितांनी कोरविलेले अनेक प्राकृत लेख आहेत. सतराव्या क्रमांकाच्या लेण्याचा दाता इंद्राग्निदत्त हा धम्मदेवाचा पुत्र असून तो स्वतःला उत्तरेकडील दत्तामित्री येथील योनक, म्हणजे यवन म्हणवितो. दहाव्या लेण्यातील लेखांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा शक जावई उषवदात याने दिलेल्या दानांची नोंद आहे. इ. स. तिसऱ्या शतकातील आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या राज्यवर्षातील लेखात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी गोवर्धन येथील श्रेणींकडे कायम ठेव ठेवल्याचे नमूद केले आहे. ती शक अग्निवर्म्याची कन्या असून तिने आपला उल्लेख ‘शकानिका’ असा केला आहे.

भाषिक दृष्ट्या या लेखांचे महत्त्व असे, की दाते यवन व शक अशा भिन्न समूहांचे असले, तरी लेखांची भाषा त्यांची वांशिक भाषा नाही. ती त्या काळी या प्रदेशातील शिलालेखांत सर्रास वापरली जाणारी, संस्कृतचे कमीअधिक मिश्रण असलेली प्राकृत आहे. नावेही बहुतांशी भारतीय झाली आहेत. मूळ समूहाची खूण एका विशेषणापुरती उरली आहे. परकेपणा न लपविता स्थानिक भाषा, स्थानिक श्रेणी व स्थानिक विहार यांच्याद्वारे समाजात स्थान मिळविण्याची ही रीत पुढील काळातही या प्रदेशात आढळते.

अहिराणी : नासिक जिल्ह्याचा उत्तर भाग, धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्याचा पश्चिम भाग यांत बोलली जाणारी ही बोली ‘खानदेशी’ या नावानेही ओळखली जाते. ‘अहिराणी’ हे नाव अहिर या शब्दावरून आले असून अहिर म्हणजे प्राचीन आभीर, असे सामान्यतः मानले जाते. आभीर हे पशुपालक लोक वायव्येकडून पश्चिम भारतात पसरले. अहिर सोनार, अहिर सुतार यांसारख्या पोटजातींच्या नावांत त्यांची स्मृती शिल्लक आहे. दंडीने आपल्या काव्यादर्श या ग्रंथात काव्यातील अपभ्रंश भाषेचा संबंध आभीर व तत्सम लोकांच्या भाषेशी जोडला आहे.

तथापि आभीरांची भाषा म्हणजेच आजची अहिराणी, असे समीकरण मांडणे योग्य नाही. दोहोंमध्ये अनेक शतकांचे अंतर आहे व मधल्या काळातील भाषेचा अखंड पुरावा उपलब्ध नाही. शिवाय अहिराणी ही कोणा एका जातीची बोली नाही. कुणबी, मराठा, माळी, शिंपी, सोनार, महार, भिल्ल इ. अनेक समाज ती बोलतात. समूहाचे नाव बोलीला मिळाले आणि बोलीचे नाव प्रदेशाच्या अस्मितेला मिळाले. मूळ समूह मात्र सर्वसाधारण लोकसमुदायात मिसळून गेला.

बोलीची अंतर्गत रचनाही हेच दर्शविते. अहिराणीत ‘आहे’ या अर्थी ‘शे’ हे रूप येते. त्याचे नाते गुजराती ‘छे’शी लावता येते, तसेच जुन्या मराठीतील ‘असे’शीही. सप्तमीचा ‘मा’ (‘घरमा’, ‘गावमा’) आणि षष्ठीचे ‘ना, नी, नं’ (‘गावना’, ‘गावनी’, ‘गावनं’) हे प्रत्यय गुजरातीला जवळचे आहेत. चतुर्थीचा ‘ले’ (‘माले’, ‘तुले’) मात्र वऱ्हाडीतील ‘मले’, ‘तुले’ या रूपांशी जुळतो. ‘ळ’च्या जागी ‘य’ येण्याची प्रवृत्तीही (‘डोळा’ऐवजी ‘डोया’, ‘काळा’ऐवजी ‘काया’) वऱ्हाडीत आढळते. ‘करी राह्यना’ (करीत आहे) या रचनेची ठेवण हिंदी-राजस्थानीची आठवण करून देते. ‘ण’च्या जागी ‘न’ (‘पानी’) हा उच्चार पूर्वेकडील अनेक मराठी बोलींत समान आहे. यांशिवाय ‘करस’ (करतो), ‘करतस’ (करतात) यांसारखी क्रियारूपे आणि ‘आंडोर’ (मुलगा), ‘आंडेर’ (मुलगी), ‘बठ्ठा’ (सगळा), ‘आठे’ (इथे) यांसारखे शब्द तिची स्वतंत्र ओळख ठरवितात. ही वैशिष्ट्ये एकाच दिशेने आलेली नाहीत. म्हणून अहिराणीचे मिश्र स्वरूप एखाद्या एकाच स्थलांतराने स्पष्ट होत नाही. अनेक शतकांच्या शेजाराचा व द्वैभाषिकतेचा तो परिणाम आहे.

बोलीच्या वर्गीकरणाबाबत मतभेद आहेत. जॉर्ज ग्रीअर्सन यांनी भारतीय भाषांच्या पाहणीत खानदेशीचा समावेश मराठीच्या खंडात न करता भिल्ल भाषांबरोबर नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (१९०७) केला आणि तिचे गुजरातीशी असलेले साम्य अधोरेखित केले. अनेक मराठी अभ्यासक मात्र तिला मराठीची बोली मानतात. तिच्या व्याकरणाचा व शब्दसंग्रहाचा अभ्यास रमेश सूर्यवंशी यांनी केला असून सटाणा येथील सुधीर देवरे यांनी ढोल या अहिराणी नियतकालिकाच्या संपादनाद्वारे व लोकसाहित्याच्या संशोधनाद्वारे बागलाणच्या अहिराणीकडे लक्ष वेधले आहे.

शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील लेवा बोलीचे उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. लेवा पाटीदार समाजात आपले पूर्वज गुजरातेतून आल्याची परंपरा आहे. याच समाजातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची त्या बोलीतील कविता १९५२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि ती सर्व मराठी वाचकांनी आपली मानली. बोली वेगळी असूनही, किंबहुना वेगळी असल्यामुळेच, ती मराठीच्या वैभवाचा भाग ठरली.

कोकणा व डांगी : पेठ, सुरगाणा, कळवण व दिंडोरी या तालुक्यांतील कोकणा (कुकणा) या आदिवासी जमातीचे नाव कोकणाशी निगडित आहे. त्यांचे पूर्वज दुष्काळामुळे कोकणातून घाटावर आले, अशी परंपरा आहे. त्यांची बोली मात्र गोव्याच्या किनाऱ्यावरील कोकणीहून भिन्न असून तिच्यात मराठी, गुजराती व खानदेशी यांचे अंश एकत्र झालेले आहेत. येथेही नाव मूळ प्रदेशाचे व भाषा नव्या शेजाराची, असा प्रकार दिसतो.

अशा सीमाप्रदेशातील बोलींचे वर्गीकरण हा केवळ विद्वानांचा प्रश्न राहत नाही. लगतच्या डांग प्रदेशातील डांगी ही मराठीची बोली की गुजरातीची, हा वाद स्वातंत्र्योत्तर काळात राजकीय महत्त्वाचा ठरला. १९६० मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले, तेव्हा डांग जिल्हा गुजरातमध्ये समाविष्ट झाला. परिणामी परस्परांशी सोयरीक असलेल्या व जवळजवळ सारखेच बोलणाऱ्या लोकांची मुले सीमेच्या एका बाजूस मराठी व दुसऱ्या बाजूस गुजराती शाळेत शिकू लागली. राज्याची सीमा आखली गेल्यावर शाळा, न्यायालय व दप्तर यांची भाषा ठरते आणि बोलीही हळूहळू त्या दिशेस झुकू लागते.

मालेगावची उर्दू : मालेगाव येथे सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी अठराव्या शतकात भुईकोट किल्ला बांधला. त्याच्या बांधकामासाठी सुरत व उत्तर हिंदुस्थानातून कारागीर आल्याचे सांगितले जाते. १८१८ मध्ये किल्ल्यातील अरब शिबंदीने इंग्रजी फौजेस कडवा प्रतिकार केला व जूनमध्ये किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. मालेगावचे आजचे भाषिक स्वरूप मात्र प्रामुख्याने १८५७ नंतरच्या स्थलांतराने घडले. उठावानंतरची दडपशाही, दुष्काळ व गिरणीच्या कापडामुळे हातमागावर आलेली आपत्ती यांमुळे बनारस, आझमगढ, मऊ इ. भागांतील मोमीन (अन्सारी) विणकर कुटुंबे दक्षिणेकडे सरकली. त्यांपैकी अनेक मालेगावात स्थिरावली, तर काही भिवंडी, बुऱ्हाणपूर इ. केंद्रांकडे वळली. मोमिनपुरा, इस्लामपुरा, नयापुरा या वस्त्यांच्या नावांतील ‘पुरा’ हा घटक उत्तरेकडील नगरांच्या मोहल्ल्यांची आठवण करून देतो.

या विणकरांची घरची भाषा पूर्वेकडील अवधी-भोजपुरी वळणाची होती, तर नासिक-खानदेशात पूर्वीपासून राहणाऱ्या मुसलमानांत दक्खिनीचा प्रचार होता. ‘नको’ हा मराठी शब्द आणि जोर देण्यासाठी शब्दाला लावला जाणारा मराठी ‘च’ ही दक्खिनीची सर्वपरिचित लक्षणे आहेत. मालेगावात हे दोन प्रवाह एकत्र आले. शाळा, मदरसे, वृत्तपत्रे व मुशायरे यांमुळे लेखनाची भाषा प्रमाण उर्दूच राहिली. बोलण्यात मात्र एक वेगळी स्थानिक धाटणी निर्माण झाली. येथील मागावर दीर्घकाळ महाराष्ट्रातील स्त्रियांसाठी रंगीत लुगडी विणली जात. गिऱ्हाईक मराठी व अहिराणी बोलणारे असल्याने बाजारपेठेत द्वैभाषिकता अपरिहार्य ठरली. सु. १९३५ पासून वीज व यंत्रमाग आल्यावर ‘लूम’, ‘बीम’, ‘सायझिंग’ असे इंग्रजी शब्द ‘ताना-बाना’ यांच्या जोडीस बसले व उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषिकांनी ते सारखेच स्वीकारले.

मोसम नदीच्या पूर्वेस प्रामुख्याने उर्दू व पश्चिमेस मराठी-अहिराणी, अशी शहराची स्थूल भाषिक विभागणी आहे. तणावाच्या काळात पूर्वेकडील वस्तीकडे ‘बाहेरून आलेली’ म्हणून पाहिले जाते. परंतु त्या समाजाने स्वतःची ओळख कशाशी जोडली, याचा पुरावा त्याच्या साहित्यातच आहे. उर्दू कवींमध्ये आपल्या नावास गावाचे नाव जोडण्याची प्रथा आहे. येथील कवी, उदा., अदीब मालेगांवी, स्वतःला ‘मालेगांवी’ म्हणवितात. मूळ गाव मऊ किंवा आझमगढ असले, तरी त्याचे नाव लावीत नाहीत. शेख नासीर यांच्या मालेगाव के शोले (२०००) यासारख्या अल्पखर्चिक विडंबनचित्रपटांनी येथील बोलण्याची ढब सर्वदूर पोहोचविली. फैजा अहमद खान यांच्या सुपरमेन ऑफ मालेगाव (२००८) या माहितीपटाने त्या चित्रपटांमागील यंत्रमाग कामगारांचे जग प्रेक्षकांसमोर आणले. त्यांत उभी राहणारी अस्मिता गावाची आहे. ती कोणा दूरच्या प्रांताची नाही.

देवळाली व नासिक शहर : एकोणिसाव्या शतकात देवळाली येथे ब्रिटिश लष्कराची छावणी झाली. मायदेशी परतणारे सैनिक तेथे जहाजाची वाट पाहत दीर्घकाळ अडकून पडत व कंटाळ्याने बेताल वागत. यातून ‘डूलॅली’ हा शब्द ‘वेडसर’ या अर्थाने इंग्रजीत रूढ झाला. बाहेरून आलेले लोक गेले, पण गावाचे नाव त्यांच्या भाषेत राहिले. फाळणीनंतर (१९४७) देवळाली येथे सिंधी निर्वासितांचीही वस्ती झाली.

विसाव्या शतकात नासिक रोड येथील प्रतिभूती मुद्रणालय (१९२५), ओझर येथील विमाननिर्मितीचा कारखाना (१९६४) आणि सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहती यांमुळे नासिक शहराकडे रोजगारासाठी येणाऱ्यांचा ओघ वाढला. त्यांत परप्रांतीयांबरोबर खानदेश व जिल्ह्याच्या उत्तर तालुक्यांतील अहिराणी भाषिकांची संख्या मोठी आहे. स्वतःच्याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी हे लोक भाषिक दृष्ट्या स्थलांतरित ठरतात. सातपूर, सिडको इ. वसाहतींत श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी साजरा होणारा कानबाईचा उत्सव, त्यातील रोटांचा नैवेद्य व अहिराणी गाणी ही त्यांच्या अस्मितेची ठळक खूण बनली आहे. रोजच्या व्यवहारात बोली मागे पडली, तरी सणाच्या निमित्ताने ती पुन्हा ऐकू येते. पेठ व सुरगाणा भागांतून दिंडोरी व निफाडच्या द्राक्षबागांत हंगामी कामासाठी येणारे मजूर हा स्थलांतराचा आणखी एक प्रवाह होय. बागमालक व मजूर यांच्या बोलण्यातील अंतर हे त्यांच्या सामाजिक अंतराचेही निदर्शक असते.

जनगणना, शिक्षण व अस्मिता : जनगणनेत खानदेशी ही मराठीहून स्वतंत्र भाषा म्हणून दाखविली जाते व अहिराणीची गणना तिच्यात होते. २००१ मध्ये खानदेशी भाषिकांची संख्या २०,७५,२५८ होती. २०११ मध्ये ती १८,६०,२३६ झाली, म्हणजे दहा वर्षांत सु. १० टक्क्यांनी घटली. याच काळात खानदेशाची एकूण लोकसंख्या मात्र वाढली. तेव्हा ही घट प्रामुख्याने माणसांची नसून नोंदीची व निष्ठेची आहे, असे म्हणावे लागते. काही कुटुंबांनी मुलांशी अहिराणी बोलणे सोडले, तर काहींनी घरात अहिराणी बोलूनही मातृभाषा ‘मराठी’ अशी सांगितली.

याचे एक कारण शाळेत सापडते. ‘शे’, ‘माले’ अशी रूपे वापरणाऱ्या मुलाचे बोलणे दीर्घकाळ ‘अशुद्ध’ समजले गेले. वस्तुतः ती रूपे नियमबद्ध असून त्यांना स्वतःचे व्याकरण आहे. प्रमाण मराठी शिकणे शिक्षण व नोकरी यांसाठी आवश्यक असले, तरी त्यासाठी घरची बोली विसरणे आवश्यक नसते. घरच्या बोलीचा आधार घेऊन प्रमाणभाषा शिकविल्यास ती अधिक सुलभपणे आत्मसात होते, असे शिक्षणशास्त्रज्ञांचे मत आहे. कोकणा व उर्दू भाषिक मुलांच्या बाबतीतही हाच विचार लागू पडतो. दुसरीकडे गाणी, चित्रफिती व संमेलने यांद्वारे अहिराणीला नवा श्रोतृवर्ग लाभत आहे. परंतु लहान मुले ज्या बोलीत भांडतात व खेळतात, तीच पुढील पिढीपर्यंत पोहोचते. मनोरंजनापुरती उरलेली बोली टिकेलच, असे नाही.

लेण्यांतील ‘योनक’ व ‘शकानिका’, बोलीच्या नावातील ‘अहिर’, जमातीच्या नावातील ‘कोकण’ आणि कवीच्या नावातील ‘मालेगांवी’ या खुणा एकाच प्रक्रियेच्या निरनिराळ्या अवस्था दर्शवितात. पहिल्या पिढ्या मूळ स्थान सांगतात, पुढील पिढ्या नवे स्थान सांगू लागतात आणि कालांतराने त्यांचीच बोली त्या भूमीची ओळख बनते. आज ज्या बोलीस अस्सल स्थानिक मानले जाते, तीही कोणे एके काळी बाहेरून आलेल्यांच्या व आधीपासून राहणाऱ्यांच्या सहवासातून घडलेली आहे. ही जाणीव बोलींच्या शास्त्रीय अभ्यासास जितकी आवश्यक आहे, तितकीच ती जिल्ह्यातील भिन्न भाषिक समाजांच्या परस्परसंबंधांसही आवश्यक आहे.